इतकी चांगली, तर विकता कशाला?

रस्त्याकडेच्या बाभळींना परत कापूस लागला आहे. बाभळीला कापूस येत नाही, एवढं मलाही कळतं. पण दिवाळी सरली की जिनिंगकडे निघालेल्या गाड्या इतक्या फुगवून भरलेल्या असतात की वाटेतली प्रत्येक फांदी त्यांतलं मूठभर ओढून घेते. मग महिनाभर काट्याकाट्यावर पांढरे झुपके. सकाळी बोदवडच्या बाजूला निघाले की धुक्यात ते झुपके आधी दिसतात आणि झाड मागून. हेल्मेटच्या काचेवर कापसाची एखादी तूस येऊन चिकटते, हातमोज्यानं पुसली की आणखी पसरते. मग गाडी बाजूला घ्यायची, काच ओढणीच्या टोकानं पुसायची आणि परत निघायचं. या दिवसांत हे रोजचंच.

हवेत एक कोरडा, जरासा तेलकट वास असतो. सरकीचा. त्यात कुठल्यातरी शेतावर तुराट्यांच्या जाळात भाजत असलेल्या वांग्यांचा वास मिसळतो. हे दोन वास एकत्र आले की माझ्या मनात पाल चुकचुकते. काही कारण नसतं. कुणी फसवलेलं नसतं, कुणी काही मागितलेलं नसतं. तरी वाटतं, समोरचं जे दिसतंय त्याच्या आत काहीतरी वेगळं आहे. बाकीच्यांना या दिवसांत भरीत आणि कळण्याची भाकरी आठवते. मला मोटरसायकल बघत हिंडलेला तो सीझन आठवतो.

संशय आमच्या घरात पिढीजात. माझे वडील, नाना, उभा जन्म एका जिनिंगवर कापूस पारखायला होते. शेतकरी गाडी घेऊन आला की नाना शर्टाची बाही खांद्यापर्यंत गुंडाळायचे आणि ढिगात हात घालायचे. वरचा कापूस ते बघायचेही नाहीत. वरचा सगळ्यांचाच पांढरा असतो. खांद्यापर्यंत हात आत गेला की डोळे मिटायचे, बोटांनी आतला मूठभर चाचपायचे आणि तोंडातून एकच शब्द काढायचे, ‘वला’ नाहीतर ‘कोरडा’. वजन वाढावं म्हणून कुणी आत पाणी मारलेलं असायचं, कुणी खाली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, दडवलेली असायची. सगळेच काही तसे नव्हते. पण हात सगळ्यांच्याच गाडीत घालावा लागायचा, आणि तशी चाळीसेक वर्षं गेली की माणूस हात घातल्याशिवाय राहू शकत नाही.

घरी तेच. गॅसची टाकी आली की नाना ती उचलून बघणार. भाजीवाल्यानं वरचे टोमॅटो दाखवले की हे खालचे काढणार. डॉक्टर म्हणाले, ‘काळजीचं काही नाही,’ की नाना बाहेर येऊन मला विचारणार, ‘मंग त्यानी अशी मान काबर हलाई?’ आई होती तोवर ती हसून सोडून द्यायची. आई गेली, आणि जळगावातल्या पिंप्राळ्याच्या त्या घरात आम्ही दोघंच उरलो. एक संशयी म्हातारा आणि त्याची संशयी मुलगी. माझं लग्न मोडून मी परत आले तेव्हा नानांनी एवढंच म्हटलं होतं, की त्या घरात त्यांना पहिल्याच दिवशी वलं लागलं होतं. तेव्हा का नाही बोललात, हे मी विचारलं नाही.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. त्या वर्षी माझी बदली जळगावहून बोदवडकडच्या गावांत झाली. बोदवडला रेल्वे जाते, पण गावं काही स्टेशनावर वसलेली नाहीत. सकाळची गाडी पकडायची, उतरायचं, मग रिक्षाची वाट बघायची, ती भरेपर्यंत बसायचं, पुढच्या गावाला तिसऱ्याच कुणाच्या मागे बसून जायचं. परतताना एखादं दूध किंवा सरकीची ढेप नेणारं वाहन दया करेल तर. घरी पोचेपर्यंत अंधार. नाना ओट्यावर बसलेले, गळ्याभोवती मफलर, आतला दिवा न लावता.

एके दिवशी चहा घेताना ते म्हणाले, “मी धुळाले चालना जासू, दादाकडे. तू बोदवडले खोली लई ले. कसाले इतली तंगडतोड?”

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. धुळ्यात देवपूरला त्याचं घर आहे. वहिनी स्वभावानं चांगली आहे, खोली रिकामी आहे, आणि दादा कधीपासून म्हणत होता की नानांना पाठव. सगळं सरळ होतं. म्हणूनच मला खरं वाटलं नाही. नाना बोलले ते वरवरचं, आत वेगळंच असणार. ओझं नको म्हणून बोलतायत. हे घर त्यांनी आईबरोबर वीट-वीट करून बांधलेलं. मागच्या कढीपत्त्याला दुसऱ्या कुणी पाणी घातलेलं त्यांना चालत नाही. हा माणूस तिकडे परक्या गॅलरीत खुर्ची टाकून बसला तर वर्षभरात सुकून जाईल, याबद्दल माझी खात्रीच होती. मी मनात ठरवलं, नाना कुठेही जाणार नाहीत. मी रोज उजेडी घरी येईन. आणि त्याला एकच उपाय होता, स्वतःची गाडी.

स्कुटी नको, हे मला पहिल्या फिरतीतच कळलं होतं. काळ्या मातीत पावसाळ्यात ट्रॅक्टर जातात, त्यांच्या चाकोऱ्या नंतर वाळून दगड होतात, आणि स्कुटीचं बुटकं चाक त्यात एकदा उतरलं की वर येत नाही. गाडी हवी ती मोठ्या चाकांची. माझं वय चाळिशीला टेकलेलं आणि सायकल सोडली तर आयुष्यात काही चालवलेलं नाही. शिकवलं नसीमनं. ती माझ्याच कार्यालयात होती आणि भावाची जुनी मोटरसायकल लग्नाआधीपासून दामटायची. पिंप्राळ्याच्या पुढे नुसते प्लॉट पाडून ठेवलेले आहेत, रस्ते आहेत पण घरं नाहीत. तिथे रविवारी सकाळी मी क्लच सोडायचे आणि गाडी उडी मारून बंद पडायची.

“ताई, तुम्हाला वाटतं ती पळून जाईल,” नसीम म्हणायची. “अहो, सोडा ना थोडं. ती तुमच्याच हातात आहे.”

“आणि गेली म्हणजे?”

“तर ब्रेक आहे. ब्रेकवर तरी विश्वास आहे का नाही?”

नव्हता. पण हळूहळू बसला. थंडीत बोटं आखडायची, पायाखालचा गिअर ‘खट्’ करून बसला की पोटात बरं वाटायचं. पहिल्यांदा न थांबता त्या रिकाम्या प्लॉटांना फेरी मारली तेव्हा एक टिटवी ओरडत माझ्याबरोबर उडत आली होती. त्या सकाळी मी फार आनंदात होते. शिकाऊ परवाना पर्समध्ये होता, आणि आता फक्त गाडी घ्यायची बाकी होती.

फक्त! जुनी गाडी विकत घेणं म्हणजे काय हे ज्यानं घेतली त्यालाच ठाऊक. मोबाइलवर फोटो बघावे तर प्रत्येक गाडी नुकती न्हाऊन आलेली. प्रत्येक गाडी एकाच हाताखालची. जळगाव जिल्ह्यात गाड्या फक्त डॉक्टर आणि मास्तर वापरतात, बाकी जनता पायी चालते, असं त्या जाहिराती वाचून वाटावं. मी एकटीच जाणार होते. पण नाना पायात चपला सरकवून आधीच फाटकाशी उभे.

“तुम्ही कशाला? तुम्हाला गाडीतलं काय कळतं?”

“गाडीतलं नही समजत,” नाना म्हणाले. “इकणारं समजस.”

पहिली गाडी मेहरूणकडच्या एका कॉलनीत. लाल, चकचकीत, तुळशीपाशी उभी केलेली. मालक तरुण, केस नीट विंचरलेले, बोलायला गोड. मी बसून बघत होते, हँडल किती जड आहे ते अजमावत होते. तेवढ्यात नाना वाकले आणि इंजिनला हात लावला. लगेच काढून घेतला.

“गरम शे,” ते म्हणाले.

“हो आबा, आत्ताच दूध आणायला गेलो होतो.”

“दूध कोठे शे?”

मालक हसला. नाना हसले नाहीत. थंडीच्या सकाळी आपण येणार हे माहीत असताना इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं, म्हणजे ही गाडी थंड असताना सुरू होत नाही, हे त्यांनी मला परतीच्या रिक्षात सांगितलं. त्याआधी तिथे त्या बिचाऱ्यानं खरंच आत जाऊन दुधाची पिशवी आणून दाखवली होती. नानांनी पिशवीलाही हात लावला. ती थंड होती. म्हणजे फ्रिजमधली. म्हणजे कालची. मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघूच शकले नाही, पण खोटं कशाला बोलू, पिशवी खरंच फारच थंड होती.

दुसरी गाडी एका जुन्या गाड्यांच्या दुकानात. तिथे पंधरा-वीस गाड्या ओळीनं उभ्या होत्या आणि सगळ्यांची चाकं काळ्या पॉलिशनं अशी चमकत होती की रस्ता कधी पाहिलाच नसावा. दुकानदारानं एकीवर फडका मारला. इथलीच गाडी, जामनेरच्या पलीकडे गेलेली नाही, म्हणाला. नाना बाही वर करायला लागले. त्यांनी मागच्या मडगार्डच्या आत हात घातला, कोपरापर्यंत, डोळे मिटले, आणि बाहेर काढला तेव्हा नखांत माती होती. तांबडी.

“ही माती आपली नही,” नाना म्हणाले.

आमच्याकडची माती काळी. तांबडी माती म्हणजे गाडी कुठून तरी लांबून आलेली. कदाचित पुरात बुडालेलीही. दुकानदार आधी म्हणाला वीटभट्टीची असेल, मग म्हणाला मुरमाची असेल, आणि मग वैतागून म्हणाला, “आबा, तुम्ही गाडी घ्यायला आलात का पंचनामा करायला?” तेव्हा मात्र मला नानांचा अभिमान वाटला. आम्ही दोघं बाहेर पडलो, टपरीवर चहा प्यायलो. नानांनी कपात मलई तरंगते का पावडर ते पाहिलं आणि मगच प्यायले.

नव्या गाड्यांच्या शोरूमलाही जाऊन आलो. काचेच्या दारातून आत गेलो तर एक मुलगी धावत आली आणि म्हणाली, “मॅडम, स्कुटी त्या बाजूला.” मोटरसायकल हवीय म्हटल्यावर तिनं नानांकडे पाहिलं आणि विचारलं, “काका, चालवणार कोण?” नानांनी माझ्याकडे बोट केलं, अगदी सहज. मला ते फार आवडलं. पण गाडीबरोबर हेल्मेट फुकट मिळेल असं ती म्हणाली आणि तिथेच बिनसलं. “फुकट काबर देतस?” नानांनी हेल्मेट हातात घेतलं, बोटानं टकटक केलं, कानाशी नेलं. कलिंगड बघावं तसं. मुलगी घाबरून साहेबांना बोलवायला गेली आणि आम्ही ती येण्याआधी बाहेर आलो.

आज हे सगळं आठवून हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा दिवस लहान होत चालले होते. रिक्षा चुकली की मी शेताच्या बांधावर उभी, आजूबाजूला वेचणीच्या बायका गाठोडी डोक्यावर घेऊन घरी निघालेल्या, त्यांच्या लुगड्यांना, केसांना, भुवयांना कापसाची तूस. त्यातली एखादी थांबून विचारायची, ‘बाई, कोनी नही का लेवाले येनार?’ मी म्हणायचे, येईल. आणि तिकडे पिंप्राळ्यात ओट्यावर नाना. दादाचा दर दोन दिवसांनी फोन, नानांना कधी आणतेस. मी म्हणायचे, गाडी बघतेय, थांब. जितका उशीर होत होता तितके नाना माझ्या हातातून निसटत होते, आणि निसटू देणारे स्वतः नानाच होते. दर गाडीत काहीतरी काढत होते.

मग एरंडोलजवळच्या एका गावातली गाडी आली. मालक एक निवृत्त तलाठी, पाठीला पट्टा बांधलेला, हळू बोलणारा माणूस. मुलगा पुण्याला गेला, स्वतःला आता दुचाकीवर बसवत नाही, म्हणून विकतोय, म्हणाला. गाडी निळी, जुनी पण नीट. इंजिन गार. पहिल्या लाथेला सुरू. मडगार्डच्या आत काळी माती, आपली. नानांनी चाकं फिरवून पाहिली, साखळी बोटानं उचलून पाहिली, सीटखाली नाक घालून वास घेतला. मालकानं अडवलं नाही. उलट डाव्या आरशाला तडा आहे आणि हॉर्न पावसात बसतो, हे त्यानं आपणहून सांगितलं. त्याच्या बायकोनं आम्हाला शेव आणि चहा दिला. ओट्यावर उन्हात बसून मी ती गाडी बघत होते आणि मला पक्कं कळलं होतं, हीच.

नानांनी शेवटी कप खाली ठेवला.

“गाडी इतली चांगली शे, ते मंग इकस कसाले?”

मालकानं परत सांगितलं. मुलगा पुण्याला. पाठ. शब्दही तेच. नानांनी मान हलवली आणि उठले.

परतीच्या एसटीत ते खिडकीतून बाहेर बघत बसले. बाहेर काही शेतांत वेचणी संपून नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. घर आलं, मी कुलूप काढलं, तेव्हा ते बोलले, “त्या गाडीमा काहीतरी शे.”

“काय आहे? तुम्हीच तर सगळं बघितलंत. काही सापडलं?”

“नही सापडनं. तेच ते म्हणस मी. काहीच सापडनं नही म्हणजे आतमा खूप शे.”

त्या क्षणी माझ्या संशयाचं तोंड फिरलं. गाड्यांवरून, विकणाऱ्यांवरून ते सरळ नानांवर आलं. हा माणूस मला गाडी घेऊच देणार नाही. का? मी पडेन म्हणून? एकदा हायवेवरून कुठलासा ट्रक जोरात गेला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं होतं, ते आठवलं. का लोक काय म्हणतील म्हणून? पण शोरूममध्ये तर सहज बोट दाखवलं. का खरं कारण दादा आहे? त्याचा मला न कळता फोन येतो का? त्याला हे घर विकायचं आहे का? वहिनी हल्ली फारच गोड बोलते, ती का? मी एकेका माणसाला समोर उभं केलं आणि खांद्यापर्यंत हात घालून चाचपलं. सगळीकडे मला ओलच लागली. ज्याला ओलच शोधायची असते त्याला ती स्वतःच्या घामाचीही लागते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मी नानांना न सांगता ती निळी गाडी घेतली. नसीम बरोबर आली. तलाठ्यांनी किल्ली हातात देताना टाकीवरून एकदा हात फिरवला आणि ‘सांभाळून’ एवढंच म्हणाले. एरंडोलपासून मी स्वतः चालवत आणली. नसीम तिच्या गाडीवर पुढे, मी मागे, हात लाकडासारखे ताठ, शेजारून कापसाचे ट्रक घसटून जातायत आणि त्यांच्या पोटातून निघालेली तूस माझ्या तोंडावर. पाळधी आलं, मग जळगाव, मग आमची गल्ली. फाटकाशी गाडी बंद केली आणि हॉर्न वाजवला. पाऊस नव्हता, म्हणून वाजला.

नाना बाहेर आले. भांडायची मी पूर्ण तयारी केली होती. वाक्यं पाठ होती. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. इंजिनला हात लावला नाही, मडगार्डच्या आत बोट घातलं नाही. नुसतं म्हणाले, “बसाड माले.”

मी त्यांना मागे बसवलं. संध्याकाळच्या उजेडात मेहरूण तलावाच्या कडेनं गेलो. पाण्यावरून गार वारा येत होता, फिरायला आलेले लोक शेंगा खात होते. नानांचा एक हात माझ्या खांद्यावर होता. आधी घट्ट, मग सैल. मागून त्यांचा मफलर फडफडत माझ्या कानाला लागत होता. मी लहान असताना ते मला सायकलच्या नळीवर बसवून जिनिंगवर न्यायचे, त्यानंतर आम्ही दोघं इतक्या जवळून कुठे गेलोच नव्हतो. मला वाटलं, जिंकलं. घर राहिलं, नाना राहिले.

पाण्याच्या काठी थांबलो. नाना उतरले, पाय मोकळे केले आणि म्हणाले, “बरी चालाडस तू. आते तुले कोनं तोंड दखानी गरज नही.”

मी हसले.

“ते मंग आते मी जाऊ ना धुळाले?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि राग आला. मी म्हटलं, म्हणजे ही गाडी मी कुणासाठी घेतली? रोज उजेडी घरी यायचं ते कुणासाठी? नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या मनात सगळा हिशेब उलटा होता. मी एकटी, रिक्षावाल्यांच्या भरवशावर, अशी मला सोडून जाणं त्यांना जमत नव्हतं. खोली घे म्हणाले होते ती मी घेतली नाही, म्हणून ते थांबले होते. माझी नीट सोय झाली की निघायचं, आणि सोय म्हणजे गाडी चांगली हवी, म्हणून प्रत्येकीत हात घालून बघत होते. मी त्यांना राहता यावं म्हणून गाडी शोधत होते आणि ते त्यांना जाता यावं म्हणून.

मग त्या निळ्या गाडीत खोट का काढलीत, असं मी विचारलं. नाना तलावाकडे बघत राहिले. याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. खरंच त्यांना शंका आली होती, का चांगली गाडी सापडली म्हणजे निघायची वेळ आली, एवढंच त्यांना नको होतं? मी परत विचारलेलं नाही.

दादा येऊन त्यांना घेऊन गेला. सामान फार नव्हतं. जाताना त्यांनी कढीपत्त्याला पाणी घातलं आणि मला कितीदा घालायचं ते सांगितलं नाही. घर एकदम मोठं झालं. मी रोज उजेडी येत होते आणि ओटा रिकामा असायचा.

फोनवर विचारलं की नाना म्हणायचे, “मी मजामा शे.” मला त्या आवाजात ओल लागायची. फोन स्पीकरवर असेल, वहिनी शेजारी असेल. जेवलात का विचारलं तर म्हणायचे, ‘व्हय,’ आणि मी त्या ‘व्हय’चे तीन अर्थ लावायचे. मुद्दाम वेगवेगळ्या वेळी फोन करायचे. एकदा दुपारी उचललाच नाही. संध्याकाळी म्हणाले, बाहेर होतो. हे बाहेर म्हणजे कुठे? पिंप्राळ्यात तर ते दुपारी फाटकाबाहेर पाऊल टाकत नसत. माझी खात्री झाली की काहीतरी लपवतायत. आजारी असतील. दवाखान्यात नेत असतील. कुणी मला सांगत नाहीये.

सीझन उतरणीला लागला होता. जिनिंगच्या आवारातले पांढरे डोंगर खाली बसले होते, दुपारचं ऊन जरा चावायला लागलं होतं. एका रविवारी मी कुणाला न कळवता गाडी काढली आणि धुळ्याला निघाले. एरंडोल, पारोळा. इतक्या लांब मी प्रथमच चालवत होते. ट्रकच्या वाऱ्यानं गाडी हलायची आणि मी मनात नानांशी भांडत जायचे, सांगा खरं, सांगा खरं. त्यांना परत आणायचं ठरवूनच निघाले होते. सीटच्या मागे बांधायला दोरीसुद्धा घेतली होती, त्यांच्या पिशवीसाठी.

देवपुरात दादाच्या गल्लीच्या तोंडाशी एक कडुलिंबाचं झाड आहे. त्याखाली पाच-सहा म्हातारे बाकड्यांवर बसले होते. मी वेग कमी केला आणि कानावर एक हसू आलं. मोठं, छातीतून आलेलं, पुढे खोकला लागेल असं. मला ते ओळखीचं वाटलं आणि कुणाचं ते लगेच आठवेना. आई असताना ऐकलेलं होतं. मग बघितलं तर मध्ये नाना.

ते काहीतरी सांगत होते. हात वर करून, बाही गुंडाळून, कुणाची तरी नक्कल करत. बाकीचे अहिराणीतून त्यांना छेडत होते, ते अहिराणीतून परतवत होते, एकाच्या मांडीवर थाप मारत होते. मी गाडी बंद केली आणि तशीच बसून राहिले. आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत सगळे इकडून तिकडून येऊन राहिलेले, बोलायचं ते पुस्तकी मराठी नाहीतर हिंदी. तिथे नाना त्यांच्या भाषेत कुणाशी बोलायचे? माझ्याशी. आणि मी सकाळी जाऊन संध्याकाळी यायचे, दमून, हूं हूं करत. मधला सगळा दिवस त्या ओट्यावर ते गप्प बसलेले असायचे, आणि मी समजत होते की त्यांना तिथून हलवलं तर ते सुकतील.

त्यांनी आधी गाडी ओळखली, मग मला. उठून घाईघाईनं आले. चेहऱ्यावरचं हसू गेलेलं.

“काय व्हयनं? कसाले उनी? कोनी काही बोलनं का?”

मी कारणं जुळवून आणली होती. धुळ्याला काम होतं. नसीमच्या मावशीकडे निरोप होता. एकही बाहेर येईना.

“तुमची आठवण आली, नाना. म्हणून आले.”

मला वाटलं, आता त्यामागचं आणखी काही विचारतील, ‘आनि आखो काय?’ नाही विचारलं.

“माले बी येस,” ते म्हणाले. “रोज येस. पन माले आठे, धुळामा, बरं वाटस, माय.”

मी म्हटलं, “हो. दिसतंय.”

मला त्यांच्यासाठी आनंद झाला होता आणि मला त्यांचा फार राग आला होता, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते नेमकं कशाचं ते मला सांगता आलं नसतं. झाडाखालचे म्हातारे माना वळवून बघत होते. नानांनी मागे बघून त्यांना मोठ्यानं सांगितलं, “मनी आंडेर! मनी पोर! जळगावथीन मोटरसायकलवर उनी!” मग माझ्याकडे वळले, आणि अगदी हळू म्हणाले,

“ते हेल्मेट काढ पहिले. तोंड दखू दे तुन्हं.”

मी काढलं.